नेट सारखं जातंय? राउटर बंद करायच्या आधी एवढं बघा

‘नेट गेलंय, जरा येऊन बघतोस का?’ हा फोन मला आठवड्यातून एकदा तरी येतो. आणि मी पोचेपर्यंत घरच्यांनी राउटर बंद करून चालू केलेला असतो, नेटही आलेलं असतं. ‘आलं बघ, उगाच हेलपाटा पडला तुला.’ चार दिवसांनी परत तोच फोन.

बंद-चालू केल्यावर नेट येतं हे खरंच आहे. पण ते का गेलं होतं याचा सगळा पुरावाही त्याच वेळी पुसला जातो. वर्षातून एकदा गेलं तर खुशाल बंद-चालू करा. पुन्हापुन्हा जात असेल तर मात्र पहिलं अर्धं मिनिट हात मागे बांधून नुसतं बघायचं. निम्मी घरं मी अशा बघण्यानंच सोडवली आहेत.

लक्षणं

‘नेट चालत नाही’ या एका वाक्यात सात-आठ वेगवेगळे आजार लपलेले असतात. आपला कोणता ते आधी ओळखा.

- वाय-फायच्या काड्या भरलेल्या दिसतात, पण काहीच उघडत नाही. फोनपासून राउटरपर्यंतचा रस्ता ठीक आहे, बिघाड राउटरमध्ये किंवा त्याच्या पलीकडे आहे.
- वाय-फायचं नावच यादीतून गायब होतं आणि मिनिटभरात परत दिसतं. राउटर बंद पडून उठतोय, किंवा ५ गिगाहर्ट्‌झचा चॅनेल (हवेतली ठरलेली वाट) बदलतोय.
- एका खोलीत छान, दुसऱ्या खोलीत रडारड.
- रोज साधारण एकाच वेळी जातं.
- काही ॲप चालतात, पण ब्राउझरमध्ये पत्ता टाकला की गोल फिरत राहतं आणि ‘सर्व्हर सापडला नाही’ असं येतं.
- सिनेमा न अडखळता चालतो, पण व्हिडिओ कॉलवर समोरचा म्हणतो, ‘तुझा आवाज तुटतोय.’
- घरात काहीतरी नवं जोडल्यापासून कधी हा लॅपटॉप अडतो, कधी तो टीव्ही.
- कनेक्शन दोनशे-तीनशे एमबीपीएसचं (सेकंदाला एवढे मेगाबिट), पण स्पीड टेस्ट ९४-९५ च्या वर सरकतच नाही.

यातली दोन लक्षणं एकत्रही असू शकतात. एका वेळी एकाचाच पिच्छा पुरवा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि नेट आलं, तर नक्की कशानं आलं ते कळत नाही. मग पुढच्या खेपेला परत पहिल्यापासून सुरुवात.

दिवे

याला खर्च नाही, कौशल्य लागत नाही, आणि तरी हेच कोणी करत नाही. फायबरच्या डब्यावर, म्हणजे जिथे ती बारीक काचेची तार येऊन जोडलेली असते तिथे, ‘पॉन’ आणि ‘एलओएस’ असे दोन दिवे असतात. पॉन हिरवा आणि स्थिर असेल तर डब्याची कंपनीच्या यंत्राशी ओळख पटलेली आहे. पॉन लुकलुकत असेल तर तो अजून ओळख पटवायचा प्रयत्न करतोय. एलओएस लाल झाला तर तारेतून प्रकाशच पोचत नाहीये. मग घरातलं कुठलंही सेटिंग, कुठलाही मंत्र उपयोगाचा नाही. या लेखातला मधला सगळा भाग सोडून थेट शेवटाकडे जा.

जुन्या टेलिफोनच्या तारेवरचं कनेक्शन असेल तर डीएसएलचा दिवा बघायचा, केबल मोडेमवर ‘ऑनलाइन’चा. अर्थ तोच, स्थिर असेल तर लाइन आहे.

नेट गेलेलं असताना दिव्यांचा फोटो काढा, लुकलुकत असतील तर दहा सेकंदांचा व्हिडिओ. नेट चालू असतानाचाही एक फोटो काढून ठेवा, कारण ‘नेहमी कोणते दिवे लागलेले असतात?’ असं विचारलं तर कोणालाच आठवत नाही.

एकट्याचं गेलंय की सगळ्यांचं?

दोन-तीन यंत्रांवर तपासा. पण इथे एक सापळा आहे आणि मी स्वतः त्यात पडलोय. वाय-फायवर नेट नसलं की फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातो. तुम्ही म्हणता, ‘माझ्या फोनवर तर चालतंय, लॅपटॉपच बिघडलाय,’ आणि पुढचा एक तास त्या बिचाऱ्या लॅपटॉपमागे जातो. तपासताना मोबाइल डेटा आधी बंद करा.

एकाच यंत्रावर अडत असेल तर राउटरला हात लावायचं कारण नाही. त्या यंत्रात व्हीपीएन (नेट दुसऱ्या सर्व्हरवरून फिरवणारं ॲप) चालू राहिलाय का बघा. अँड्रॉइड फोन असेल तर सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) बघा. कोणीतरी जाहिराती बंद करायला तिथे काही भरून ठेवलं असेल आणि ती सेवा आता बंद पडली असेल, तर फोन वाय-फायला जोडलेला राहतो, पण उघडत काहीच नाही. आणि हसू नका, पण तारीख-वेळही बघा. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली की घड्याळ काही वर्षं मागे जातं. मग सुरक्षित साइटचं प्रमाणपत्र संगणकाला ‘अजून सुरूच न झालेलं’ वाटतं आणि तो एकामागून एक साइट नाकारतो. नेटचा इथे काहीच दोष नसतो.

शेवटी त्या यंत्रातून आपल्या वाय-फायचं नाव काढून टाका, ‘फर्गेट’ करा, आणि पासवर्ड टाकून पुन्हा जोडा.

सगळ्यांचंच गेलं असेल तर मोबाइल डेटावरून कंपनीच्या ॲपमध्ये जाऊन प्लॅन संपलाय का ते बघा. याच्यावर जास्त काही लिहीत नाही, ज्यांच्यावर ही वेळ आलीय त्यांना ती आठवतेच.

बंद-चालू करायचंच असेल तर नीट करा

दोन्ही डबे बंद करा. तीसेक सेकंद थांबा. लगेच चालू केलं तर आतल्या कपॅसिटरमध्ये उरलेल्या विजेवर डबा अर्धवट जागाच राहू शकतो. शिवाय कंपनीच्या टोकाला तुमचं जुनं कनेक्शन अजून उघडंच आहे असं समजून नवीन नाकारलं जाऊ शकतं. आधी फायबरचा डबा लावा, पॉन स्थिर होऊ द्या, मग राउटर. त्यालाही दोन मिनिटं द्या. दोन्ही एकाच डब्यात असतील तर प्रश्नच नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. राउटरच्या मागे एक बारीक भोक असतं, टाचणीनं दाबायचं. ते बंद-चालू करायचं बटण नव्हे. ते रीसेट आहे. दहा सेकंद दाबलं की कंपनीनं भरून दिलेलं युजरनेम, पासवर्ड, लाइनचं सेटिंग, वाय-फायचं नाव, सगळं पुसलं जातं. नेट पाच मिनिटांसाठी गेलं होतं, ते आता माणूस येईपर्यंत गेलं. ‘आम्ही ते छोटं बटणही दाबून बघितलं’ हे वाक्य फोनवर ऐकलं की मी पायात चपला सरकवतो.

वायरी, पिना आणि तो काळा ॲडाप्टर

प्रत्येक वायर दोन्ही टोकांना काढून परत बसवा. नेटवर्कच्या वायरीची पिन बसताना ‘टक’ असा आवाज आला पाहिजे. तिची प्लॅस्टिकची जीभ तुटलेली असेल तर पिन दिसायला बसलेली असते, पण केर काढताना वायर हलली की सुटते. अशी वायर बदलून टाका, चिकटपट्टी लावत बसू नका.

९४-९५ वर अडकणाऱ्या स्पीडचं उत्तर बहुतेक वेळा याच वायरीत असतं. तिच्यात आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएसला दोनच पुरतात. एखादी तार तुटली, पिनेत नीट दाबली गेली नाही, किंवा टेबलाच्या पायाखाली चेचली गेली की दोन्ही टोकं मुकाट्यानं १०० वर उतरतात. तक्रार नाही, लाल दिवा नाही. त्या शंभरातून जाण्या-येण्याचा सरंजाम वजा होऊन हातात ९४-९५ उरतात. वायर बदला. आकडा तरीही तिथेच राहिला तर राउटरची भोकंच १०० ची आहेत का ते खालच्या लेबलवर किंवा माहितीपत्रकात बघा. स्वस्तातल्या कित्येक राउटरांची तशी असतात.

जाता जाता, प्लॅनमधले १०० म्हणजे मेगाबिट. फाइल उतरताना दिसतात ते मेगाबाइट. आठानं भागायचं. सेकंदाला साडेबारा मेगाबाइट दिसले तर तुम्हाला पूर्ण माप मिळालंय.

आता ॲडाप्टर. मी पुन्हापुन्हा दुरुस्त केलेला बिघाड कोणता विचाराल तर हाच.

एका घरी रोज संध्याकाळी पावणेआठच्या आसपास नेट जायचं. कंपनीकडे तीन तक्रारी झाल्या होत्या. माणूस दुपारी यायचा, ‘लाइन ओके आहे’ म्हणायचा आणि जायचा. तो खोटं बोलत नव्हता. मी मुद्दाम सातला जाऊन राउटरसमोर खुर्ची टाकून बसलो. राउटर टीव्हीखालच्या बंद कपाटात होता, सेट-टॉप बॉक्सच्या पाठीवर चढवलेला, आणि ॲडाप्टर त्या दोघांच्या मागे कोंबलेला. सातला टीव्ही लागला. सात पन्नासला राउटरचे सगळे दिवे एकदम विझले, डोळ्याची पापणी लवेपर्यंत परत लागले, आणि मग एकेक करत मिनिटभरानं वाय-फायचा दिवा आला. घरातले ओरडले, ‘गेलं बघ!’ नेट कुठेच गेलं नव्हतं. राउटर मरून परत उठला होता. ॲडाप्टरला हात लावला तर बोट झटकन मागे आलं.

अशा ॲडाप्टरमधले कपॅसिटर उष्णतेनं हळूहळू सुकतात. गार असताना तो १२ व्होल्ट नीट देतो. तापला आणि त्याच वेळी घरातली सगळी यंत्रं नेट ओढायला लागली की व्होल्टेज क्षणभर कोसळतं. दुपारी तपासलं तर सगळं ठणठणीत. त्या घरी नवा ॲडाप्टर लावला, राउटर कपाटावर ठेवला, आणि त्यांचा फोन यायचा थांबला.

बदलताना लेबल वाचा. व्होल्ट तेच हवेत. अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतील, कमी नकोत. पिनेवरच्या अधिक-उण्याचं चित्रही तेच हवं. ९ व्होल्टचा ॲडाप्टर १२ च्या राउटरला बसतो, दिवेही लागतात कधी कधी, आणि मग महिनाभर भुताटकी चालते. उलट केलं तर राउटर जळूही शकतो.

राउटर स्वतः उठतोय की लाइन जातेय, हे बसून न बघताही कळतं. राउटरच्या पानावर (ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकला की उघडतं, पत्ता कसा शोधायचा ते पुढे आहे) लॉगइन करून ‘अपटाइम’, म्हणजे किती वेळ चालू आहे ते, बघा. राउटर बारा दिवस चालू आणि इंटरनेट वीस मिनिटांपूर्वी जोडलेलं, तर लाइन तुटून आली. राउटरच वीस मिनिटांपूर्वी उठलेला असेल तर वीज, ॲडाप्टर किंवा राउटर.

वाय-फायला बाजूला काढा

लॅपटॉप राउटरला वायरीनं जोडा, त्याचं वाय-फाय बंद करा आणि तास-दोन तास नेहमीचं काम करा. वायरीवर सुरळीत चाललं तर लाइनला दोष देणं थांबवा, बिघाड हवेत आहे. वायरीवरही तुटलं तर वाय-फायचे चॅनेल बदलत बसण्यात अर्थ नाही. लोक वायर शोधायचा कंटाळा करतात आणि महिनोन्‌महिने चुकीच्या बाजूला खोदत राहतात.

हवेतलं दुखणं असेल तर जागेपासून सुरुवात करा. राउटर जमिनीवर, लोखंडी कपाटामागे, आरशाच्या पाठीला किंवा माशांच्या टाकीशेजारी ठेवू नका. धातू लहरी परतवतो, आरशामागचा मुलामा धातूचाच असतो, आणि पाणी लहरी पितं. उंचावर, घराच्या मधोमध, मोकळ्यावर ठेवा.

वाय-फायचे नेहमीचे दोन पट्टे असतात. २.४ गिगाहर्ट्‌झ भिंती पार करतो, पण तिथे बाजार भरलेला असतो. शेजारपाजारचे राउटर, ब्लूटूथ, आणि मायक्रोवेव्ह ओव्हन, जो याच २.४५ च्या आसपास चालतो. ५ गिगाहर्ट्‌झ वेगवान आणि मोकळा, पण दोन भिंतींत दमतो. शेजारच्या खोलीपर्यंत ५, त्यापलीकडे २.४, हा माझा ठोकताळा.

२.४ वर चॅनेल १, ६ आणि ११ हे तीनच एकमेकांवर न चढणारे. मोबाइलवरच्या वाय-फाय तपासणाऱ्या ॲपमध्ये त्यातला जो कमी गजबजलेला दिसेल तो निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्‌झ ठेवा. ‘३ वर कोणीच नाही’ म्हणून तिथे गेलात तर १ चा आणि ६ चा, दोघांचाही गोंगाट तुमच्या कानात. त्याच ॲपमध्ये सिग्नल उणे आकड्यात दिसतो. उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल निभतो, उणे ८० ला फक्त नाव दिसतं.

५ चं नाव मध्येच मिनिटभर गायब होत असेल तर राउटर ५२ ते १४४ यांपैकी एखाद्या चॅनेलवर आहे का बघा. हे चॅनेल रडारही वापरतं. राउटरला रडारची चाहूल लागली की नियमानुसार त्याला ती जागा सोडावी लागते, आणि अशाच दुसऱ्या चॅनेलवर गेला तर किमान साठ सेकंद ऐकून मगच बोलता येतं. ३६ ते ४८ मध्ये ठेवा, कटकट संपेल.

आणखी एक गंमत. लॅपटॉपला यूएसबी ३ ची बाहेरची हार्ड डिस्क लावली की २.४ चं वाय-फाय मरतं. ते कनेक्शन याच पट्ट्यात गोंगाट करतं. डिस्क लांब वायरीवर दूर सरकवा किंवा ५ वर जा.

रिपीटर घेतलाच असेल तर जिथे सिग्नल मेलाय तिथे लावू नका, मेलेलाच सिग्नल तो पुढे पाठवेल. राउटर आणि ती खोली यांच्या मध्यावर लावा. साधा एकपट्टी रिपीटर ऐकतो आणि बोलतो एकाच पट्ट्यावर, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. शक्य असेल तिथे मी दोन डब्यांमध्ये वायरच ओढतो. दिसायला वाईट, वर्षानुवर्षं शांत.

दोन काळ्या खिडक्या

इथून पुढे थोडं टायपिंग आहे. मी फोनवर असंच सांगतो. विंडोजमध्ये स्टार्ट दाबून सीएमडी ही तीन इंग्रजी अक्षरं टाका, एंटर. काळी खिडकी येईल. त्यात इंग्रजीत आयपीकॉन्फिग (ipconfig), सगळं सलग, एंटर. ‘डिफॉल्ट गेटवे’पुढचा आकडा म्हणजे राउटरचा पत्ता, बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१.

आता पिंग (ping), मोकळी जागा, तो पत्ता, मोकळी जागा, उण्याचं चिन्ह आणि त्याला चिकटून छोटा टी, एंटर. ओळी पडायला लागतील. दुसरी काळी खिडकी उघडून तेच करा, पण पत्ता ८.८.८.८ द्या, तो गूगलचा सार्वजनिक सर्व्हर आहे. दोन्ही खिडक्या शेजारी-शेजारी ठेवा आणि नेट जायची वाट बघा.

दोन्ही एकदम थांबल्या तर बिघाड तुमच्या घरात, लॅपटॉप आणि राउटरच्या मध्ये किंवा राउटरमध्येच. राउटरची चालू आणि ८.८.८.८ ची थांबली तर लॅपटॉप ते राउटर हा रस्ता निर्दोष, दोष राउटरच्या पलीकडे, बहुतेक लाइनमध्ये किंवा कंपनीत. हा स्क्रीनचा फोटो म्हणजे तक्रार करताना तुमच्या हातातला पंचनामा. दोन्ही चालू आणि तरी साइट उघडत नसेल तर पुढचा परिच्छेद वाचा. राउटरचं उत्तर वायरीवर एक मिलिसेकंदाच्या आत येतं, वाय-फायवर दोन ते दहात. तेच मध्येच तीनशेवर उडी मारत असेल तर हवेतला गोंधळ आहे. काही राउटर मुळातच पिंगला उत्तर देत नाहीत. म्हणून नेट ठीक असताना काय दिसतं ते आधी बघून ठेवा.

८.८.८.८ उत्तर देतंय पण नावानं काही उघडत नाही, म्हणजे डीएनएस बसलंय. साइटच्या नावाचा आकडी पत्ता शोधून देणारी ही डिरेक्टरी. बहुतेक राउटर कंपनीची डिरेक्टरी वापरतात आणि ती अधूनमधून दमते. आधी एकाच यंत्राच्या नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून १.१.१.१ आणि ८.८.८.८ भरून दोन दिवस बघा. फरक पडला तर मग राउटरमध्ये भरा, म्हणजे सगळ्या घराला लागू होईल.

पत्ते वाटणारे दोघे

त्याच आयपीकॉन्फिगमध्ये तुमच्या यंत्राचा पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल तर राउटरनं पत्ता दिलेलाच नाही. वाट बघून थकलेल्या विंडोजनं तो स्वतःच घेतलाय, आणि त्याचा नेटला उपयोग नाही. वायर, वाय-फायचा पासवर्ड आणि राउटर, या क्रमानं तपासा.

पत्ता दिसतोय, पण गेटवेचा आकडा कधी हा, कधी तो? मग घरात दोन राउटर आहेत. जुना राउटर ‘आतल्या खोलीत रेंज यावी’ म्हणून कोणीतरी नुसता वायरीनं जोडून दिलेला असतो. दोघेही पत्ते वाटतात. ज्याचं उत्तर आधी पोचेल त्याचा पत्ता यंत्र घेतं. जुन्याकडून घेतलेल्याला बाहेरची वाट सापडत नाही. दोघांचा स्वतःचा पत्ताही १९२.१६८.१.१ असेल तर नुसता तमाशा. सकाळी टीव्ही चालतो, लॅपटॉप नाही, संध्याकाळी उलट. एका घरी मी यात दोन संध्याकाळी घालवल्या, कारण तो जुना राउटर माळ्यावर होता आणि घरच्यांना वाटत होतं तो बंद आहे.

उपाय असा. जुन्या राउटरमध्ये डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायचं काम, बंद करा, त्याचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ असा काहीतरी ठेवा, आणि मुख्य राउटरची वायर त्याच्या ‘वॅन’च्या भोकात न घालता ‘लॅन’च्या भोकात घाला. किंवा ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो निवडा, बाकीचं तो करतो.

आवाज तुटतोय, पण सिनेमा चालतोय

सिनेमा नुसता खाली येतो आणि काही सेकंदांचा साठा करून ठेवतो. कॉलमध्ये तुमचा आवाज त्याच क्षणी वर जावा लागतो. घरी आल्यावर कोणाचा तरी फोन दिवसभराचे फोटो-व्हिडिओ क्लाउडवर चढवायला लागतो, वर जाणारा अरुंद रस्ता भरतो, आणि तुमचा आवाज त्या रांगेत मागे उभा राहतो. दुसरी काळी खिडकी बघा. ओळी तुटत नाहीत, पण वीसचे चारशे मिलिसेकंद होतात. फोटोंचा बॅकअप रात्री उशिराचा करा. राउटरमध्ये ‘क्यूओएस’ (कोणाला आधी जाऊ द्यायचं ते ठरवणारं सेटिंग) असेल तर अपलोडची मर्यादा खऱ्या वेगाच्या नव्वद टक्क्यांवर बांधा. कॉल सुधारतो.

इथे थांबा, माणूस बोलवा

एलओएस लाल आहे. वायर एकदा हलक्या हातानं तपासा, ती कुठे दारात चिमटलीय का, कोणी तिचा घट्ट वेटोळा करून खिळ्याला टांगलाय का. काचेच्या तारेला पेल्याच्या तोंडाएवढी तरी गोलाई हवी, त्याहून घट्ट वळवली की प्रकाश वळणावरच बाहेर पडतो. सैल करून दिवा हिरवा झाला तर छान. नाही झाला तर थांबा. टोक काढून पुसू नका, फुंकू नका, आणि त्यात डोकावून तर अजिबात बघू नका. त्यातला लेझर डोळ्याला दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. तार तुटली असेल तर जोडायला वेगळं यंत्र लागतं, ते घरी होत नाही.

वीज कडाडल्यानंतर राउटरची दोन-तीन भोकं मेली, जळका वास आला, किंवा ॲडाप्टर फुगला, तर परत वीज लावू नका. बाहेरच्या खांबावरचं, गच्चीवरचं, मीटरजवळचं काहीही स्वतः करू नका. चुकून रीसेट झालं असेल आणि युजरनेम-पासवर्ड हाताशी नसेल तरी कंपनीच. आणि दोन खिडक्यांच्या चाचणीत राउटर वायरीवर निर्दोष ठरला असेल, तर घरात आणखी काही उलटंपालटं करण्यात वेळ घालवू नका.

तक्रार करताना ‘नेट स्लो आहे’ म्हणू नका, त्यावर ‘राउटर बंद-चालू करा’ हेच उत्तर येतं. राउटरशेजारी एक कागद चिकटवा आणि आठवडाभर लिहा. तारीख, वेळ, किती मिनिटं, पॉन कसा होता, एलओएस कसा होता, वायरीवरही गेलं का. पाच ओळी झाल्या की फोन करा आणि त्या वाचून दाखवा.

माणूस आला की त्याला प्रकाशाचं मोजमाप घ्यायला सांगा. त्याच्याकडे मीटर असतो, आणि बऱ्याच डब्यांच्या आतल्या पानावरही ‘आरएक्स पॉवर’ म्हणून तो आकडा दिसतो. घरातल्या नेहमीच्या फायबरला उणे १५ ते उणे २५ च्या दरम्यान असेल तर ठीक. उणे २७ च्या आसपास डबा कसाबसा तग धरतो, आणि जरा काही हललं की तुटतो. ‘चालतंय की’ म्हणून तो निघाला तर थांबवा. दर तीन डीबीला (डेसिबल), म्हणजे या आकड्यातल्या दर तीनला, प्रकाश निम्मा होतो, त्यामुळे उणे २२ चा उणे २८ झाला तर पाव उरला. त्यानं जोड नवा केल्यावर परत मोजायला लावा आणि नवा आकडा तारखेसह त्याच कागदावर लिहा. सहा महिन्यांनी परत नेट जायला लागलं तर आधी तो कागद काढा, डब्याचं पान उघडा आणि दोन आकडे शेजारी ठेवून बघा.